सासूचा चिमटा

रविवारी सकाळी, चहाच्या आधी, मृणाली नेहमीसारखी टीशर्ट कमरेवर गुंडाळून माझ्यासमोर उभी राहिली. मी चिमटा उघडत होते, तेवढ्यात आज दूध उशिरा आलं म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली, "ठाण्याला पंचवीस आलं, आई."

चिमटा माझ्या हातात तसाच आ वासून राहिला. चिमटा म्हणजे कॅलिपर, पण तो शब्द आमच्या घरात पहिल्या आठवड्यातच मागे पडला. प्लास्टिकचा, पांढरा, चिंबोरीच्या नांगीसारखा. दोन बोटांनी अंगावरची घडी उचलायची, ती नांगीत द्यायची, काटा थांबला की मिलिमीटर वाचायचे. दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडावरचा भाग, मांडी. ते आकडे मृणाली मोबाइलमध्ये टाकते आणि मोबाइल सांगतो, अंगात चरबी किती टक्के. आमच्याकडे कितीतरी रविवार एकवीस येत होतं. त्याआधी बावीस, त्याआधी तेवीस, अगदी सुरुवातीला पंचवीस. आकडा असा शहाण्या मुलासारखा एकेक पायरी उतरत आला होता आणि मी मनातल्या मनात त्याचं श्रेय नाचणीला देऊन टाकलं होतं. आता शनिवारी ठाण्याच्या शिबिरात उन्नती नावाच्या कुणा फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळ्या मुलींची मापं घेतली आणि म्हणे पंचवीस. एका आठवड्यात माणसाला चार टक्के चरबी चढत नाही. हळदीला जेवून आल्यावरसुद्धा नाही. म्हणजे दोघींपैकी एकीचा हात खोटा होता.

"त्यांचा चिमटा वेगळा असेल," मी म्हटलं.

"मी आपलाच नेला होता," मृणाली म्हणाली आणि तिनं उजवा हात सैल सोडला, दंड माझ्याकडे करून. "घ्या तुम्ही. संध्याकाळपर्यंत सरांना नाव कळवायचंय."

नाव म्हणजे गट. मृणाली पॉवरलिफ्टिंग करते. खांद्यावर लोखंड घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, आडवं पडून छातीवरून ढकलायचं, जमिनीवरून उचलायचं. एवढंच. आयुष्यात बाईमाणूस तेच करत असतं, फक्त इथं पंच बसलेले असतात. राज्य स्पर्धेला उतरायचं तर त्रेसष्ट किलोच्या गटात किंवा एकोणसत्तरच्या, आणि आमची सहासष्ट, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधोमध. त्रेसष्टमध्ये तिच्या ताकदीला राज्याच्या संघापर्यंत वाट होती. एकोणसत्तरमध्ये तिच्यापेक्षा वजनदार मुली होत्या. तिथं ती जाणार, टाळ्या घेणार, घरी येणार. पुढच्या वर्षी माझा मुलगा आल्हाद आणि ती मुलाचा विचार करणार होती, म्हणजे काय ते याच वर्षी. पण तिला शिकवणाऱ्या केसरीनाथ सरांचं म्हणणं पक्कं होतं. एकवीसच्या खाली मी पोरीला नेत नाही. चरबी संपली की वजन मसलमधून उतरतं, आणि मसल उतरला की उचलणार काय, स्वतःचं नाव? माझ्या एकवीसमुळे त्रेसष्टचं दार बंद झालं होतं. त्या दिवशी भांडी घासताना तिनं एकच पातेलं बराच वेळ घासलं होतं.

मी दंडाची घडी धरली. चौदा. नेहमीसारखे चौदा. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम खटखटत होते, आतल्या खोलीत आल्हाद वडपे गावच्या गोदामातली रात्रपाळी करून उताणा झोपला होता. मृणाली काट्याकडे बघत नव्हती. माझ्या बोटांकडे बघत होती.

खरं तर हे काम आल्हादचं. पहिल्यांदा त्यालाच सांगितलं होतं. पण तो हसायचा, मग ती हसायची, मग घडी सुटायची आणि दोघं काही वेळानं चेहरे सरळ करून बाहेर यायची तेव्हा आकडा कुणालाच आठवत नसायचा. मग सरांनी आम्हाला दापोड्याला बोलावलं. त्यांची व्यायामशाळा म्हणजे गोदामाचा एक कोपरा; एका बाजूला कुणाच्या तरी वॉशिंग मशिनची खोकी छताला टेकलेली, दुसऱ्या बाजूला लोखंड. मृणालीची आई गोदूबाईही कोन गावाहून आली होती, नाकात मोठी नथ, हातात तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा. मला वाटलं, माप घ्यायचं तर आईच घेणार. मुलीचं अंग आहे. मी आपली खोक्यांवरची नावं वाचत उभी राहिले. तर सर म्हणाले, "आईचा हात नको. आई चिमटा काढंल का पोरीला? काढलाच तर निस्ती कातडी धरंल, चरबी सोडून देल. सासू बरी. सासूचा हात सोडत न्हाय." गोदूबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की डबा हलला. "घ्या, विहीणबाई," ती मला म्हणाली, "सरांनी तुमचा मान केला." आणि तो पांढरा चिमटा माझ्या हातात आला. कारकुनी घरातली मी. आमच्याकडे जड उचलण्याचा इतिहास म्हणजे गॅसचा सिलिंडर, आणि तोही उचललेला नाही, लोळवत नेलेला.

पहिला चिमटा मी खरंच सासूसारखा काढला. लाजेनं. दुसऱ्या बाईचं उघडं पोट, तिची कंबर, आणि दिवसाउजेडी आपण बसलोय बोटं सरसावून. लाज लपवायला माणूस जोर लावतं. अंगठा आणि तर्जनी रुतवून मी ती घडी मसलपासून अशी ओढून वेगळी केली, जणू फणसाचा गरा सोडवतेय. मृणालीच्या तोंडून "स्स" निघालं. मी हात मागे घेणार तर म्हणाली, "नाही नाही, बरोबर आहे, आई. असाच." दुसऱ्या दिवशी कमरेवर जांभळी टिकली उमटली होती. आल्हादनं विचारलं तर ती म्हणाली, बार लागला. माझं नाव घेतलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा राग आला.

हे गेल्यापासून माझ्या हातानं दुसऱ्याच्या अंगाला लावावं असं घरात कुणी उरलं नव्हतं. बोटं फक्त पीठ, भाजी, दाराची कडी ओळखत होती. त्यांना त्या रविवारी अचानक माणसाचं अंग लागलं. गरम, खालून घट्ट, वरून मऊ. कणकेखाली पाटा असावा तसं. आणि बोटांना एकदम आठवला लहानगा आल्हाद, पायांवर आडवा, तेलानं चकचकीत, मांडीला वळ्या, मनगटाला दोऱ्यानं बांधल्यासारखी खाच. बाळसं धरलंय हो, असं येणारं-जाणारं म्हणायचं आणि माझी सासू घाईघाईनं म्हणायची, कुठलं, सुकलाय बिचारा. दृष्ट लागू नये म्हणून. किती लाडाचा शब्द, बाळसं. तीच चरबी बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर आली की तिचा शब्द बदलतो, आणि लग्नानंतर तर तिला शब्दच उरत नाही, नुसत्या नजरा. मला आयुष्यात मोजलं ते दोघांनी. एक कासार, तळहात दाबून बघायचा आणि बांगडीचा आकार सांगायचा. दुसरा टेलर, जो दर वेळी ब्लाउजच्या शिवणीत भरपूर माया सोडायचा आणि फीत गळ्यात टाकत म्हणायचा, पुढं लागेल, वहिनी. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटायचं. नंतर वाटायला लागलं, की हा माणूस मला माझं भविष्य शिवून देतोय. दरवर्षी मी एक शिवण उसवली. शेवटची उसवली तेव्हा आत कापड नव्हतं.

आणि इथं ही पोरगी. सव्वीस-सत्तावीसची. आकडा ऐकायची आणि मान हलवायची. वाढला तर "अच्छा", उतरला तरी "अच्छा". लाज नाही, कौतुक नाही. पावसाळ्यात विहिरीत काठी घालून पाणी किती आहे बघावं, तसं ती स्वतःत डोकावायची. मी पहिल्यांदा बिचकले, मग मला त्याचं व्यसन लागलं. रविवारची मी वाट बघू लागले. चरबी कशी अंगाच्या कोपऱ्याकोपऱ्यात आपली जागा धरून बसते, दंडावरची आधी जाते, मांडीवरची जायला कुरकुर करते, मीठ जास्त पडलं की कंबर कशी फुगल्याचं सोंग करते, हे मला कळू लागलं. एका पुस्तकातही मी ते वाचलं नव्हतं. समोरच्या गॅलरीतल्या क्षितिजाताई एकदा म्हणाल्या, "सूनबाई जरा भरल्यासारखी वाटते. काही विशेष?" मी म्हटलं, "विशेष हेच की काल तिनं एकशेतीस किलो उचलले." "अगंबाई!" त्या कठडा धरून म्हणाल्या, "आणि डॉक्टर काय म्हणाले?" मी घरात येऊन हसले, पण थोडी धुमसलेही. भरल्यासारखी! मग पुढं कुणीही काही म्हणायच्या आत मीच म्हणू लागले, एकवीस टक्के आहे हो फक्त, चिमट्यानं मोजते मी. बँकेतल्या, दळणाच्या, देवळातल्या बायकांना मी सुनेची चरबी सांगत हिंडले. कमी आहे, कमी आहे. माझ्या सासूच्या त्या "सुकलाय बिचारा"सारखं.

कमरेच्या हाडावरची घडी. पंधरा. मृणालीच्या श्वासानं पोट वर येत होतं, खाली जात होतं, आणि मला जाणवलं, की खोलीत काहीतरी नाही. लूम होते, आल्हादचं घोरणं होतं, कुकरची शिट्टी शेजारी झाली. तरी एक आवाज नव्हता, रविवारचा आवाज. मी घडी सोडली. परत धरली. आणि मला कळलं काय नाही ते. ती "स्स" करत नव्हती.

"दुखत नाही का गं तुला आता?"

"नाही."

"कधीपासून?"

"कल्याणपासून."

कल्याणला जिल्हा स्पर्धा होती, आणि मी तिला उचलताना तिथं पहिल्यांदा पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसले होते. तिचं नाव पुकारलं. ती आली, हाताला खडूची पूड, चेहरा असा की मी ओळखला नसता. घरात भाकरी मागणारा, चार्जर शोधणारा चेहरा तिनं मागे कुठंतरी काढून ठेवला होता. बार खांद्यावर घेतला तेव्हा तो दोन्ही टोकांना वाकला. लोखंड वाकलं. ती खाली बसत गेली, बसत गेली, आणि तळाशी थांबली. तिथं, त्या खोलात, तिच्या मांडीतून एक थरथर निघाली, लूमवरचा ताणलेला धागा हलतो तशी, आणि मला वाटलं संपलं, आता हे सगळं तिच्यावर येणार. माझ्या मागची बाई म्हणाली, "बाई हाय का पैलवान?" आणि तेवढ्यात ती उठली. हळूहळू. कुणी हात दिला नाही, कुणी ओढलं नाही, जमिनीनंच तिला वर दिल्यासारखी. पर्सचा बंद माझ्या हातात तुटून आला होता. उठणं हा शब्द मी जन्मभर वापरत आले. पहाटे उठते, पाटावरून उठते, दुखण्यातून उठले. उठणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. त्या मांडीत काय भरलेलं असेल? रोजचं किती दळण, किती ना म्हटलेले लाडू, किती सकाळी?

पुढच्या रविवारी त्याच मांडीवर माझी बोटं टेकली आणि ती माझी राहिली नाहीत. देवघरातल्या मूर्तीचं पाणी टिपताना हात होतो, तसा हात झाला. रुतवायचा कसा? ज्याच्यात एवढं आहे ते दुखवायचं कसं? मी घडी धरली म्हणजे वरची वर उचलली. निस्ती कातडी धरली, चरबी सोडून दिली. काटा खाली आला आणि मी खूश झाले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी हलकी. मायेनं वजन कमी करण्याची ही युक्ती मला कुणी विचारली असती तर मी आनंदानं सांगितली असती. आणि त्या उतरत्या आकड्यांवर सरांनी दार लावून घेतलं. पोरगी पातेलं घासत राहिली.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढला माझा.

"मला काय माहीत आकडा चुकतोय? मला वाटलं माझी कातडी तयार झाली." ती टीशर्टची कड बोटाभोवती गुंडाळत होती. "आणि... बरं वाटायचं." कान लाल झाले तिचे. एकशेतीस किलो उचलणाऱ्या मुलीचे कान.

आता इथं मला एक विचार आला, तो लपवत नाही. आणखी एक रविवार मी चौदा, पंधरा म्हणाले तर? एकोणसत्तरमध्ये जाईल, टाळ्या घेईल, घरी येईल, पोटभर जेवेल. त्रेसष्ट म्हणजे स्पर्धेपर्यंत रोज तिच्या ताटाकडे बघणं. तूप नाही, साखर नाही, गोदूबाईच्या भाकऱ्या मोजून. चिडचिडी पोरगी, उतरलेले गाल, आणि क्षितिजाताई म्हणणार, सासू उपाशी ठेवते वाटतं. माझ्या बोटांना हे सगळं माझ्या आधी कळलं असेल का? मी मृणालीकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. तिनं दंड पुन्हा माझ्याकडे केला. कल्याणला बारखाली जाण्याआधीचा तोच चेहरा, सगळं मागे ठेवून आलेला.

"खरा काढा, आई."

मी साडीचा पदर खोचला. बोटं कोरडी पुसली. अंगठा आणि तर्जनी, जरा लांब ठेवून, आत. आणखी आत. जिथं मऊ संपतं आणि पाटा लागतो तिथपर्यंत. तिथून ओढून घडी वेगळी केली, आणि ती आली; केवढी आली, जाड, जिवंत, लपून बसलेली. ती "स्स" म्हणाली. अठरा. कमरेवर एकोणीस. मांडीवर माझं नख लागलं, तिनं डोळे मिटले, मी सोडलं नाही. काटा थांबेपर्यंत सोडलं नाही. सत्तावीस. घामानं माझा चष्मा घसरला होता. मृणालीनं आकडे मोबाइलमध्ये टाकले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पंचवीस.

आयुष्यात पहिल्यांदा एका बाईला तिच्या अंगात जास्त चरबी निघाली म्हणून मी उडी मारताना पाहिलं. जमीन हादरली. आतून आल्हाद ओरडला, "काय पडलं?"

"काही नाही," ती ओरडली, "सापडलंय!"

तिनं स्पीकरवर फोन लावला. सरांना पंचवीस सांगितलं. मागं लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "म्हंजे तीन किलो हाय अजून सोडायला. मसलला हात न लावता." आणि लगेच, "काकू हायेत का तिथं?"

"आहे," मी म्हटलं.

"एवढं दिवस हात कुनाचा खोटा होता, काकू?"

"माझा."

"मला वाटलाच," ते म्हणाले. "तुमी बिघडलात."

"हो," मी म्हटलं. "आता सुधारले."

"पोरी, मग काय कळवू?"

"त्रेसष्ट," मृणाली म्हणाली. हळू म्हणाली, जड उचलायच्या आधी श्वास भरतात तशी.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. गोदूबाईनं आदल्या दिवशी पाठवलेल्या भाकऱ्या होत्या, पांढऱ्या, पातळ, कडेला किंचित करपलेल्या. हाफ पँटमधून मृणालीच्या मांडीवरच्या नखाच्या दोन लाल कोरी दिसत होत्या. हळद लावावी असं माझ्या मनात आलं, पण मी उठले नाही. तिनं आमटी वाढून घेतली, भाकरी ताटात घेतली. दळलेला, भिजवलेला, थापलेला, आईच्या हातचा तांदूळ. मी हात पुढं केला. तिच्या ताटातली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या ताटात घेतली. आजवर या हातानं ताटात टाकलं होतं. नको नको म्हणणाऱ्यांच्या ताटात, झाकलेल्या तळहातांच्या फटीतून टाकलं होतं. काढून कधी घेतलं नव्हतं. अर्धी भाकरी किती जड असते ते मला माहीत नव्हतं.

मृणालीनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूप?" ती म्हणाली.

"नाही."

"थोडं?"

"नाही म्हटलं ना."

आल्हाद घास हातात धरून आळीपाळीनं आमच्याकडे बघत होता. मृणालीनं उरलेली अर्धी भाकरी हातात घेतली, तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

"शेवटी सासू ती सासूच," ती म्हणाली, आणि इतकी गोड हसली, की मी ताडकन उठून तुपाची बरणी वरच्या फळीवर, मागं, डब्यांच्या आड ठेवून आले.